न पेरलेला टोमॅटो

लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या कठड्याशी तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात तुळस आहे. गणपती गावाला गेले, पावसाची झड ओसरली आणि सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी तुळशीच्या बुंध्याशी चार कोवळे कोंब दिसले. प्रत्येकाला दोन अरुंद, टोकदार पानं. एकाच्या पानांच्या टोकाला बियाचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. देठ जांभळट, आणि डोळ्यांजवळ नेलं तर त्यावर बारीक पांढरी लव. आठवड्याभरानं त्या दोन पानांच्या मधून कातरलेल्या कडांचं पहिलं खरं पान बाहेर आलं. ते बोटांत हलकेच चोळून वास घेतला. टोमॅटोचा हिरवा देठ मोडल्यावर येतो तोच उग्र वास, आणि बोटांना पिवळट-हिरवा डाग.

आमच्याकडे कुणी टोमॅटो पेरला नव्हता. शेजारच्या काकूंनी एका वाक्यात उलगडा केला. “अगं, विळी धुतलेलं पाणी तू तुळशीलाच घालतेस ना?” खरंच होतं. गणपतीच्या दिवसांत रोज कोशिंबीर होत होती. विळीच्या पात्याला आणि ताटाला चिकटलेल्या बिया धुवणाबरोबर रोज डब्यात जात होत्या. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडाला घालायची आमच्या घरची जुनी सवय. तीच पेरणी ठरली.

इंग्रजीत अशा रोपाला ‘व्हॉलंटियर’, म्हणजे स्वयंसेवक म्हणतात. मराठीत त्याला ठरलेलं असं नाव नाही. उकिरड्यावरचा भोपळा, परसातली पपई, बांधावरचं कारलं यांच्याबद्दल आपण ‘आपसूक आलं’ एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. पण आपसूक काहीच येत नाही. गिरगावातल्या कुठल्याही जुन्या चाळीच्या भिंतीत, पन्हळीच्या जोडापाशी पिंपळाचं रोप दिसतं. ते कुणी लावलेलं नसतं. पिंपळाची फळं खाऊन कावळा किंवा बुलबुल तिथे बसलेला असतो. फळ हा झाडानं प्राण्याला दिलेला मोबदला आहे. त्याच्या बदल्यात बी दूर कुठेतरी पोचावं, हा सौदा. टोमॅटोचा सौदाही तोच आहे. फक्त त्याचा वाहक आपलं स्वयंपाकघर झालं आहे.

एक टोमॅटो आडवा कापून नीट पाहा. आतल्या कप्प्यांत शंभरांवर बिया असतात आणि प्रत्येक बीभोवती तिची स्वतंत्र बुळबुळीत पिशवी असते. पिकलेल्या फळाच्या आत ओल आहे, ऊब आहे. उगवायला लागतं ते बहुतेक सगळं तिथेच आहे. तरी बी उगवत नाही. त्याला दोन कारणं आहेत. फळाच्या रसात साखर, आम्लं आणि क्षार इतके विरघळलेले असतात की बीला त्यातून पुरेसं पाणी ओढूनच घेता येत नाही. आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं वनस्पतीचं एक संप्रेरक बीला झोपवून ठेवतं. आईच्या पोटात उगवून उपयोग नाही, बाहेर पडल्यावरच उगवायचं, असा हा बंदोबस्त.

कधीकधी हा बंदोबस्त ढिला पडतो. बरेच दिवस फ्रिजमध्ये राहिलेला टोमॅटो चिरला की आत पांढरे, वळवळल्यासारखे धागे दिसतात. अळ्या पडल्या म्हणून तो टोमॅटो बहुतेक घरांत कचऱ्यात जातो. त्या अळ्या नसतात. फळ फार दिवस ठेवल्यावर आतल्या संप्रेरकाचा जोर ओसरतो आणि बिया फळातच उगवू लागतात. ते धागे म्हणजे त्यांची मुळं. असा टोमॅटो हाताला लागला तर ते कोंब अलगद मातीत लावून बघा. जगतात.

एरवी झोप मोडायला ती पिशवी निघून जावी लागते. टोमॅटो कुजला, की हवेतल्या यीस्टमुळे त्याचा रस आंबतो आणि दोन-तीन दिवसांत पिशवी विरघळते. घरचं बी धरणारे शेतकरी नेमकं हेच मुद्दाम करतात: गर भांड्यात काढून आंबवतात, मग बी धुऊन वाळवतात. आमच्या डब्यात ते काम सप्टेंबरच्या पावसानं आणि मातीतल्या सूक्ष्म जीवांनी केलं. माती २५ ते ३० अंशांच्या दरम्यान उबदार असेल तर पाच ते दहा दिवसांत कोंब वर येतो. मुंबईत ही ऊब जवळजवळ वर्षभर असते.

मला आधी एक शंका होती. दादरच्या बाजारात येणारा टोमॅटो नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा. प्रवासात टिकावा म्हणून तो हिरवट-गुलाबी असतानाच तोडतात, क्रेटमध्ये भरतात, वाशीला उतरवतात आणि मग तो इथे येतो. असं अर्धकच्चं तोडलेल्या फळातलं बी उगवेल कसं? पण टोमॅटोचं बी फळाला रंग चढायच्या सुमारासच तयार झालेलं असतं. पुढचा लाल रंग, वास, गोडवा हे सगळं खाणाऱ्याला बोलावण्यासाठी. म्हणजे घाट उतरून आलेल्या पेटीतला प्रत्येक टोमॅटो उगवायच्या तयारीनंच आलेला असतो.

आणि खाल्लेल्या टोमॅटोतलं बीही मरत नाही. ते इतकं टणक आहे की माणसाच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या वाळत घातलेल्या गाळावर टोमॅटोची रोपं माजतात, हे जगभर पाहिलं गेलं आहे. आइसलँडजवळ १९६३ साली ज्वालामुखीतून सुर्टसे नावाचं बेट समुद्राबाहेर आलं. कोऱ्या जमिनीवर जीवन कसं सुरू होतं हे पाहण्यासाठी तिथे शास्त्रज्ञांखेरीज कुणाला जाऊ देत नाहीत. तरी त्या बेटावर एकदा टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. तिथे गेलेल्यांपैकी कुणीतरी आडोशाला बसलं होतं, एवढाच त्याचा अर्थ होता. रोप काढून टाकावं लागलं.

त्याहून सुंदर गोष्ट गॅलापागोस बेटांची आहे. तिथला रानटी टोमॅटो प्रयोगशाळेत लाख प्रयत्न केले तरी उगवेना. शंभरात एखादं बी रुजायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स रिक यांनी आयुष्य टोमॅटोच्या अभ्यासात घालवलं. त्यांनी आणि रॉबर्ट बोमन यांनी त्या बिया गॅलापागोसच्या जातीच्या महाकाय कासवांना खाऊ घातल्या. कासवाचं पचन संथ; बिया पोटातून बाहेर यायला दोन-तीन आठवडे लागले. आणि मग त्या भराभर उगवल्या. जाड टरफल कासवाच्या पोटात झिजलं होतं. हा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. ज्या झाडाला उगवण्यासाठी कासवाची वाट पाहावी लागते, त्याच्याच जातकुळीतलं एक बी लालबागला विळीच्या पाण्यातून उगवतं, हे मला अजून नवलाचं वाटतं.

टोमॅटोचं मूळ घर दक्षिण अमेरिकेचा पश्चिम काठ, पेरू आणि इक्वेडोरचा डोंगराळ भाग. तिथली रानटी फळं करवंदाएवढीही नसतात. मोठं फळ मेक्सिकोतल्या लोकांनी घडवलं आणि ‘टोमॅटो’ हा शब्दही त्यांच्याच नाहुआत्ल भाषेतला. पुढे युरोपातून दर्यावर्दींबरोबर तो हिंदुस्थानात आला. बंगालीत त्याला ‘विलायती बेगुन’ म्हणजे विलायती वांगं म्हणत, आणि ते नातं अगदी बरोबर होतं: वांगं, मिरची, बटाटा, टोमॅटो एकाच कुळातले.

कचऱ्यातल्या बियांचा प्रश्न शहरात आता रोजचा झाला आहे. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा आग्रह महापालिकेनं २०१७ साली धरला. तेव्हापासून दादर-परळच्या कितीतरी आवारांत खताचे ड्रम आले, आणि त्या खताच्या कुंड्यांत टोमॅटोची रोपं. खत नीट झालं नाही म्हणून ही रोपं आली, अशी तक्रार होते. ती अर्धीच खरी आहे. खताचा ढीग मीटरभर उंच, मीटरभर रुंद असेल तर जिवाणूंच्या कामानं तो आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि काही दिवस तसाच तापलेला राहिला तर टोमॅटोचं बी मरतं. मडक्यात, बादलीत किंवा गॅलरीतल्या डब्यात एवढी उष्णता धरून ठेवण्याइतका ऐवजच नसतो. ती बाजूंनी निघून जाते. गांडूळखत तर थंडच असतं. तेव्हा खतातून टोमॅटो उगवला म्हणजे खत तापलं नव्हतं, इतकंच सिद्ध होतं. पानाफुलांचं पोषण म्हणून ते खत उत्तम असू शकतं.

या शहरात ओल्या कचऱ्यातून माती करण्याचं काम मोठ्या निष्ठेनं झालं आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांसाठी जेवण व्हायचं. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी सहकाऱ्यांना घेऊन त्या स्वयंपाकघराचा कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर जिरवला आणि गोदीच्या ऐन गजबजाटात भाज्या आणि फळझाडं वाढवली. त्यांच्यामागे डॉ. आर. टी. दोशी यांचे प्रयोग होते. उसाच्या रसवाल्याकडचा चोथा, पालापाचोळा, भाजीचे देठ आणि अगदी थोडी माती घेऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पीक काढायची रीत त्यांनी रुळवली. आणि त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’. सामान्य माणसानं आपल्या दारात प्रयोग करावा, मोजावं, लिहावं, एकमेकांना सांगावं, हा त्या परिवाराचा आग्रह. न पेरलेल्या टोमॅटोकडे मी त्या नजरेनं बघू लागले तेव्हा तो निव्वळ योगायोग राहिला नाही. त्यात शोधण्यासारखं बरंच काही निघालं.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो असा: याला बाजारासारखेच टोमॅटो लागतील का? ‘खाण तशी माती’ ही म्हण इथे पुरी पडत नाही. बाजारातला बहुतेक टोमॅटो संकरित असतो. जालना-बुलढाणा पट्ट्यात शेडनेटखाली बायका बसतात आणि चिमट्यानं एकेका कळीतले परागकोश उमलण्याआधी काढून टाकतात. मग दुसऱ्या वाणाचे पराग हातानं लावतात. अशा दोन शुद्ध वाणांच्या मिलनातून आलेलं बी शेतकरी विकत घेतो. त्याची सगळी झाडं एकसारखी वाढतात, फळं एका मापाची येतात. पण त्या फळांतल्या बिया म्हणजे पुढची पिढी, आणि ती एकसारखी नसते. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांतून १८६६ साली दाखवून दिलं ते हेच: संकरित पिढीत दबून राहिलेले गुण पुढच्या पिढीत पुन्हा डोकं वर काढतात, दर चार झाडांत सरासरी एका झाडात.

उदाहरणच घ्यायचं तर झाडाच्या उंचीचं. टोमॅटोची काही झाडं वेलासारखी वाढतच राहतात, काही ठरावीक उंचीला थांबून झुडूप होतात. झुडपी वाढीचा हा दबता गुण १९१४ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात शेतातल्या एका झाडात आपोआप अवतरला आणि कुणीतरी तो ओळखून जपला. एकदम पिकणारी, यंत्रानं काढता येणारी प्रक्रियेची टोमॅटोशेती त्या एका झाडावर उभी आहे. संकरित टोमॅटोच्या आईबापांत एक वेलासारखा आणि एक झुडपी असेल, तर तुमच्या कुंडीत आलेल्या रोपांपैकी साधारण पाव रोपं बुटकी राहतील. फळाचा आकार, सालीची जाडी, आंबटपणा, रोगाला तोंड देण्याची ताकद, सगळ्यांत अशीच फाटाफूट होते. मेंडेलचा नियम समजावून सांगायला शाळेतल्या फळ्यापेक्षा गॅलरीतला डबा मला जास्त बोलका वाटतो.

गावठी वाणाचं तसं नसतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपून ठेवलं, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपलेल्या स्थिर वाणाचं बी पेरलं की लेकरू आईबापांवर जातं. संकरिताच्या बीला मात्र स्थिर व्हायला पिढ्या लागतात.

आता रोपाचं करायचं काय, तेही सांगते. मुंबईत वेळ फार महत्त्वाची आहे. जूनमध्ये उगवलेलं रोप पावसात हातभर वाढतं आणि करप्यानं काळं पडतं; त्याच्यावर जीव लावू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरातलं रोप मात्र जपा. टोमॅटोचं फूल रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असतं. रात्र २० अंशांच्या आतबाहेर असली की फळ धरतं. २४-२५ अंशांची दमट रात्र असली की पराग निकामी होतात आणि फुलं देठासकट गळून पडतात. ‘फुलं येतात, टोमॅटो धरत नाहीत’ या तक्रारीचं मुंबईतलं मुख्य कारण हे आहे, खत नव्हे. जानेवारीत कुलाब्याला रात्रीचं किमान तापमान सरासरी १९ अंशांच्या आसपास असतं, सांताक्रूझला त्याहून दोन-तीन अंश कमी. समुद्राजवळच्या गिरगावात थंडी कमीच, म्हणून तिथल्या झाडाला डिसेंबर ते फेब्रुवारीची खिडकी काय ती मिळते. सप्टेंबर-अखेरीचं रोप नोव्हेंबरात फुलावर येतं आणि ऐन थंडी गाठतं.

डब्यात चार रोपं असली तर एकच ठेवा. बाकीची दोन-तीन खरी पानं आल्यावर हलवा, आणि हलवताना देठ पानांपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात. खोल गाडलेलं रोप दुप्पट जोमानं येतं. कुंडी मोठी हवी. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला भोकं पाडून घेतली तर उत्तम. पाच-सहा तास ऊन हवंच. उत्तरेकडच्या गॅलरीत नुसती पानं वाढतील. पाणी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि फळाचा तळ काळा पडतो. पानं आखडून चुरगळल्यासारखी झाली तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू, चुरडा-मुरडा. ते झाड वाचत नाही, ताबडतोब काढा.

गिरणगावात सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोला शिवू नका. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो. हातावरून तो टोमॅटोच्या पानाच्या बारीक जखमेतून आत जातो. हात साबणानं धुवा, मग झाड बांधा.

फूल उमललं की ते हलवायला लागतं. टोमॅटोचे पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतात, नळीच्या टोकाच्या फटीतून बाहेर पडतात. रानात भुंगे फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, की पराग झडतात. मधमाशीला ते जमत नाही. वारा असेल तर तेवढ्यानंही काम होतं, कारण फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. पण तिन्ही बाजूंनी जाळी आणि प्लॅस्टिक लावलेल्या गॅलरीत वाराही नसतो. मग सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसामागे बोटानं टिचकी मारावी. उन्हात नीट पाहिलं तर पिवळी धूळ उडालेली दिसते.

आमच्या चारांपैकी एक रोप मुळं दुखावून मेलं, एकाला चुरडा-मुरडा झाला. तिसरं कमरेइतकं होऊन थांबलं आणि चौथं कठड्यावरून शेजारच्या दोरीपर्यंत गेलं. एकाच ताटातल्या कोशिंबिरीची ती दोन भावंडं. संक्रांतीच्या आठवड्यात उंच झाडावर पहिला टोमॅटो पिकला: लिंबापेक्षा थोडा मोठा, पातळ सालीचा, बाजारातल्यापेक्षा आंबट. नाशिकहून मुंबईपर्यंतचा प्रवास त्याला सोसला नसता. त्याला तो करायचाही नव्हता. त्याचं सार केलं आणि पहिली वाटी काकूंना दिली.

सगळ्यात निरोगी झाडावरचं एक फळ मात्र पूर्ण मऊ होईपर्यंत ठेवलं. त्याचा गर वाटीत थोड्या पाण्यात तीन दिवस आंबवला, तळाला बसलेल्या बिया धुऊन बशीत सावलीत वाळवल्या. कागदाला चिकटतात म्हणून बशीच. वाळल्यावर त्यांच्यावर मखमलीसारखी लव दिसते. कोरड्या पुडीत त्या चार-पाच वर्षं सहज टिकतात. टोमॅटो स्वपरागी असल्यामुळे दर पिढीत मिश्र गुणांचं प्रमाण निम्मं होत जातं. सातव्या पिढीपर्यंत ते शंभरात एक-दोनवर येतं. दर वर्षी उकाड्यात तग धरणाऱ्या, कमी उन्हात फळ धरणाऱ्या एकाच झाडाचं बी ठेवत गेलं, तर सहा-सात हिवाळ्यांत आपल्या गॅलरीला मानवणारं, आईबापांवर जाणारं एक वाण हाती येऊ शकतं. लालबागच्या गॅलरीसाठी टोमॅटोचं वाण कुठल्याही कंपनीनं केलेलं नाही, करणारही नाही. ते इथेच करावं लागेल.

पावसाळा सरताना कुंडीत अनोळखी रोप दिसलं तर उपटण्याआधी एक पान चोळून वास घ्या. टोमॅटो निघाला तर ठेवा, आणि फळ आलं की बियांच्या पुडीवर साल आणि महिना लिहायला विसरू नका.